घटनादुरुस्त्यांनी मराठवाड्याला काय दिले, आणि त्यातले न्यायालयात मागता येण्याजोगे किती?

दुधनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

संविधानावर चर्चा निघाली की आपण बहुधा २६ जानेवारी १९५० च्या मूळ मजकुरापाशी थांबतो. मराठवाड्यातल्या माणसाने मात्र नंतरच्या दुरुस्त्या अधिक बारकाईने वाचायला हव्यात, असे माझे मत आहे. जमिनीवरचा हक्क, आपण आज ज्या राज्यात राहतो ते राज्य आणि गावच्या कारभारातला आपला वाटा, या तिन्ही बाबतींत आपल्या भागाचे बरेचसे भवितव्य दुरुस्त्यांनीच ठरवलेले आहे.

आपली सुरुवातच इतरांपेक्षा वेगळी होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने निजामाने भारताचे संविधान मान्य केले आणि दोन महिन्यांनी हैदराबाद 'भाग ब' राज्य (पूर्वीच्या संस्थानांसाठीचा वर्ग) म्हणून संघराज्यात आले. पुण्या-सोलापूरच्या नागरिकाला मिळाले तेच मूलभूत हक्क आपल्यालाही मिळाले. पण कालपर्यंतचा निजाम राजप्रमुख म्हणून राज्याच्या शिरोभागी राहिला आणि मूळ ३७१ व्या अनुच्छेदानुसार 'भाग ब' राज्यांची सरकारे पहिली दहा वर्षे राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली ठेवण्यात आली.

त्यातच जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये समानतेच्या हक्काच्या आधारे रद्द ठरवला होता, आणि प्रत्येक राज्यातला जमीनदार त्याच वाटेने जाणार हे उघड होते. म्हणून ३१अ आणि ३१ब हे अनुच्छेद घालण्यात आले आणि नववे परिशिष्ट जोडण्यात आले. या परिशिष्टातले कायदे मूलभूत हक्कांशी विसंगत आहेत या कारणावरून रद्द ठरवता येणार नाहीत, अशी ती तरतूद होती. पहिल्या यादीत तेरा कायदे होते, आणि त्यांतला बारावा आणि तेरावा आपला आहे: हैदराबादचा जहागिरी निर्मूलनाचा १३५८ फसलीचा विनियम आणि जहागिरींच्या मोबदल्याबाबतचा १३५९ फसलीचा विनियम. भारताच्या संविधानात आजही फसली हा निजामकाळातला महसुली सन छापलेला आहे तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावांमुळे. ज्या गावांचा सारा सरकारऐवजी जहागीरदाराच्या कचेरीत जमा होत असे, त्या गावांतल्या कास्तकाराच्या दृष्टीने ही दोन नावे फार मोठी आहेत.

त्यानंतर १९५६ ची सातवी दुरुस्ती आली. तिने भाग अ, ब, क हे राज्यांचे वर्गच काढून टाकले, राजप्रमुखपद संपवले, आणि राज्य पुनर्रचना कायद्यासह १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण मुंबई राज्यात आलो. याच दुरुस्तीने ३७१ वा अनुच्छेद नव्याने लिहिला आणि त्याच्या दुसऱ्या खंडात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापण्याची, निधीचे न्याय्य वाटप करण्याची आणि तांत्रिक शिक्षण व नोकऱ्यांत पुरेशी संधी देण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची सोय झाली. मराठवाडा हे नाव संविधानात आले ते येथे.

माझा मुद्दा यापुढचा आहे. १९५६ मध्ये लिहिलेल्या या तरतुदीची अंमलबजावणी व्हायला १९९४ उजाडले. मधल्या काळात गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी सतत मागणी लावून धरली, १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने अनुशेष मोजून दाखवला, १९८४ मध्ये विधिमंडळाने ठराव केला, आणि तरीही दहा वर्षे गेली. मंडळाची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली आणि ३० एप्रिल २०२० ला ती संपली. ३७१ वा अनुच्छेद संविधानात जसाच्या तसा आहे, पण मंडळ नाही. मंडळ स्थापावे की नाही हे त्या तरतुदीने राष्ट्रपतींच्या आदेशावर, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारच्या मर्जीवर ठेवले असल्यामुळे, जालन्याच्या किंवा परभणीच्या नागरिकाला तो आदेश हक्क म्हणून मागता येत नाही.

यावरून मी अशा निष्कर्षाला आलो आहे की घटनादुरुस्ती किती मोठी हे तिच्या उद्दिष्टांवरून ठरवू नये. तिने सामान्य माणसाच्या हातात न्यायालयात मागता येईल असे काही ठेवले का, की जे मागता येत होते तेही काढून घेतले, हे पाहावे. आपापल्या भागातले अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहावेत.

मांजरा_उदगीर

धागा आवडला. सातव्या दुरुस्तीबद्दल एक भर घालतो. आम्ही उदगीर, निलंगा, अहमदपूरचे लोक तेव्हा बिदर जिल्ह्यात होतो आणि किनवटचा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता. पुनर्रचनेत हे तालुके मराठवाड्याला जोडले गेले. भालकी, औराद हे आमचे सोयरिकीचे मुलूख मात्र म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. ज्यांचे घर सीमेच्या अलीकडे आणि मामाचे गाव पलीकडे, अशी कुटुंबे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

त्या पलीकडच्या लोकांसाठी सातव्या दुरुस्तीनेच ३५०अ हा अनुच्छेद घातला, हे सहसा कोणी सांगत नाही. भाषिक अल्पसंख्य समाजातल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. सीमेपलीकडच्या मराठी शाळांच्या प्रत्येक निवेदनात या अनुच्छेदाचा दाखला असतो, आणि आपल्याकडे देगलूर-बिलोलीच्या तेलुगू मुलांनाही तोच लागू होतो. तुमच्या कसोटीवर पाहिले तर हा अनुच्छेद अर्धवट उतरतो. त्याने राज्याला प्रयत्न करायला सांगितले आहे. पालकाच्या हाती थेट हक्क दिलेला नाही.

आंबाजोगाईकर

दुधनाकाठ, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो, पण नवव्या परिशिष्टाचे असे कौतुक मला मान्य नाही.

जहागिरी गेल्या हे योग्यच झाले. पण तेरा कायद्यांसाठी केलेली ती सोय पुढे दोनशे चौऱ्याऐंशी कायद्यांपर्यंत वाढत गेली, आणि त्यांतले बहुसंख्य कायदे शेतीचे आणि शेतजमिनीचे आहेत. महाराष्ट्राचा शेतजमीन धारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा तिथे आहे. आवश्यक वस्तूंचा कायदाही आणीबाणीच्या काळात, १९७६ च्या चाळिसाव्या दुरुस्तीने तिथे नेऊन ठेवला. कारखानदाराच्या मालमत्तेवर कमाल मर्यादा नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला चौपन्न एकरांची आणि बारमाही पाणी असलेल्याला अठरा एकरांची आहे. कापूस, डाळ, कांदा यांच्या साठ्यावर आणि भावावर सरकार हात ठेवते तेव्हा व्यवसायस्वातंत्र्याचा हक्क घेऊन शेतकऱ्याने न्यायालयात जावे, तर दारावर नवव्या परिशिष्टाची पाटी असते. आमच्या आंबाजोगाईतून किसानपुत्र आंदोलनाने हे कायदे रद्द करण्याची मागणी वर्षानुवर्षे चालवली आहे, ती उगाच नाही. जहागीरदाराला अडवण्यासाठी बांधलेली भिंत कास्तकाराच्याच अंगणात उभी राहिली, आणि मराठवाड्यात शेतकरी आत्महत्या करतो तेव्हा तिचा विचार करावाच लागेल.

वकील_खंडपीठ

दोघांचेही म्हणणे महत्त्वाचे आहे, म्हणून कायद्याची आजची स्थिती सविस्तर लिहितो.

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती प्रकरणात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी ठरवले की संसद संविधानाचा कोणताही भाग दुरुस्त करू शकते, पण त्याची मूलभूत संरचना नष्ट करू शकत नाही. त्यानंतर नवव्या परिशिष्टाचे काय, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर आपल्याच राज्याच्या कमाल जमीन धारणा कायद्याच्या प्रकरणात मिळाले. १९८१ च्या वामनराव निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २४ एप्रिल १९७३ पूर्वी परिशिष्टात गेलेले कायदे सुरक्षित राहतील, आणि नंतर गेलेले कायदे मूलभूत संरचनेच्या कसोटीवर तपासता येतील. जानेवारी २००७ मध्ये कोएल्हो प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तेच अधिक ठामपणे मांडले: परिशिष्टात टाकलेल्या कायद्याचा मूलभूत हक्कांवर प्रत्यक्ष परिणाम काय होतो, हे न्यायालय पाहील.

याचा अर्थ असा की आंबाजोगाईकर म्हणतात ती पाटी सर्व कायद्यांवर सारखी नाही. आवश्यक वस्तूंचा कायदा १९७६ मध्ये परिशिष्टात गेला, म्हणजे १९७३ च्या रेषेनंतर. केवळ परिशिष्टात आहे म्हणून तो आव्हानापलीकडे नाही. कमाल धारणेचे अवघड आहे. मूळ १९६१ चा कायदा १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने, म्हणजे रेषेपूर्वी आत गेला. मर्यादा खाली आणणाऱ्या १९७५ च्या दुरुस्त्या नंतर आत गेल्या खऱ्या, पण शेतजमिनीच्या सुधारणांना ३१अ या अनुच्छेदाचे वेगळे संरक्षण आहे, आणि वामनराव निकालात ते संरक्षण वैध ठरले आहे. म्हणून तिथली लढाई न्यायालयापेक्षा विधिमंडळात अधिक आहे.

त्याच सतराव्या दुरुस्तीतली एक गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूची आहे आणि तिचा उल्लेख फार कमी होतो. शेतकरी स्वतः कसत असलेली, कमाल मर्यादेच्या आतली जमीन सरकारने घेतली, तर बाजारभावापेक्षा कमी मोबदला देता येणार नाही, असे परंतुक तिने ३१अ मध्ये घातले. जमीनदाराची बाजू बंद करताना लहान कास्तकारापुरती वाट मोकळी ठेवली गेली होती.

दुधनाकाठ

आंबाजोगाईकर, तुमचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. तेरा कायद्यांची यादी दोनशे चौऱ्याऐंशीपर्यंत वाढत जाणे मला समर्थनीय वाटत नाही, आणि आवश्यक वस्तूंच्या कायद्याला त्या यादीत जागा देण्याचे कोणतेही सामाजिक कारण मला दिसत नाही. जहागिरी आणि कुळे यांच्याबाबत मात्र मी माझ्या मतावर कायम आहे.

आमच्या भागात आजही जमिनीचा वाद निघाला की १९५४ च्या सुमाराचे खासरा पाहणी पत्रक काढावे लागते. त्यात संरक्षित कूळ म्हणून कोणाचे नाव आहे, हैदराबाद कूळ कायद्याच्या कलम ३८-ई खाली कुळाची मालकी जाहीर झाली का, जमीन मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) इनामाची होती का, यावर आजचे खटले चालतात. कागद अनेकदा उर्दूत असतात आणि ते वाचून देणारी माणसे प्रत्येक तालुक्यात कमी होत चालली आहेत. हैदराबाद कूळ कायद्याचा महाराष्ट्राने १९६१ मध्ये पुन्हा केलेला कायदासुद्धा सतराव्या दुरुस्तीने नवव्या परिशिष्टात गेला आहे. ते संरक्षण नसते तर मोठ्या जमीनमालकांनी वकील लावून तो कायदा कित्येक वर्षे लटकत ठेवला असता, आणि ज्यांच्याकडे वकील लावायला पैसा नव्हता त्यांची नावे सातबाऱ्यावर आलीच नसती.

अभ्यासू_परभणी

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आमच्या पुस्तकांत बेचाळिसावी दुरुस्ती म्हणजे 'लघुसंविधान' आणि चव्वेचाळिसावी म्हणजे तिची दुरुस्ती, एवढेच एका ओळीत असते. नागरिकाच्या हक्काच्या दृष्टीने या दोन्हींत नेमके काय बदलले, हे कोणी सांगेल का? आणि १०२ व्या आणि १०५ व्या दुरुस्तीबद्दलही लिहावे. मराठवाड्यात सध्या प्रत्येक चहाच्या टपरीवर हाच विषय आहे आणि प्रत्येकजण वेगळे सांगतो.

वकील_खंडपीठ

अभ्यासू, पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका निकालापासून सुरू करावे लागेल. २५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली आणि राष्ट्रपतींच्या आदेशाने नागरिकाचा मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग स्थगित झाला. स्थानबद्ध माणसांच्या नातेवाइकांनी बंदी प्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले, आणि अनेक उच्च न्यायालयांनी ते ऐकून घेतले. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की आणीबाणीत असा अर्जच करता येणार नाही. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. म्हणजे एखाद्या माणसाला का उचलले, हे विचारण्याचीही सोय देशात उरली नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी बेचाळिसावी दुरुस्ती झाली. तिने लोकसभेची मुदत सहा वर्षे केली, घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही असे लिहिले, केंद्रीय कायद्यांची वैधता तपासण्याचा उच्च न्यायालयांचा अधिकार काढून घेतला आणि मार्गदर्शक तत्त्वांच्या नावाने केलेला कोणताही कायदा समानतेच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कांपेक्षा वरचढ ठरवला. उद्देशिकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द आणि संविधानात मूलभूत कर्तव्ये आली तीही तेव्हाच. परीक्षेत बहुधा तेवढेच विचारतात. पण नागरिकाच्या दृष्टीने मोठा घाव न्यायालयांवर होता. दुधनाकाठ यांच्या कसोटीवर ही सर्वांत वाईट दुरुस्ती आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्रेचाळिसाव्या आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने यातले बरेच मागे घेतले, आणि मिनर्व्हा मिल्स प्रकरणात १९८० मध्ये उरलेले काही न्यायालयाने रद्द केले. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीतले एक वाक्य तर प्रत्येक नागरिकाने लक्षात ठेवावे: यापुढे कोणत्याही आणीबाणीत विसाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदाच्या अंमलबजावणीला स्थगिती देता येणार नाही. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आता राष्ट्रपतींच्या आदेशाने झाकता येत नाही. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे कारणही तिने काढले आणि तिथे 'सशस्त्र उठाव' आणला. आपल्या औरंगाबादचे (आताच्या छत्रपती संभाजीनगरचे) खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झाले. बेचाळिसावी दुरुस्ती तशीच राहिली असती, तर ते दार उघडूनही आत फारसे काही मागता आले नसते.

दुसऱ्या प्रश्नावर फक्त घटनेपुरते लिहितो. २०१८ च्या १०२ व्या दुरुस्तीने राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा दिला आणि ३४२अ हा अनुच्छेद घातला. ५ मे २०२१ ला मराठा आरक्षणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा अर्थ लावला की मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार या दुरुस्तीने गेला. संसदेने त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती करून राज्यांना स्वतःची यादी करण्याचा अधिकार परत दिला. आरक्षणाच्या पन्नास टक्के मर्यादेचा प्रश्न मात्र या दुरुस्तीने सोडवला नाही. तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातून आलेला आहे आणि त्याचा वाद वेगळा चालतो. टपरीवर या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

पैनगंगा

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावची माजी सरपंच आहे. इथे कायद्याचे जाणकार लिहीत आहेत. मला जे प्रत्यक्ष आले ते लिहिते.

त्र्याहत्तरावी दुरुस्ती डिसेंबर १९९२ मध्ये संसदेत मंजूर झाली तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी लातूरचे शिवराज पाटील होते, आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. पंचायती महाराष्ट्रात आधीपासून होत्या, जिल्हा परिषदा तर १९६२ पासून होत्या. नवीन काय मिळाले, तर ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा मिळाल्या, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग मिळाला, आणि दर पाच वर्षांनी निवडणूक झालीच पाहिजे असे बंधन आले. महिलांचा वाटा दुरुस्तीने एक तृतीयांश ठेवला होता. महाराष्ट्राने पुढे तो निम्मा केला.

मी निवडून आले तेव्हा ग्रामसभा कागदावर व्हायच्या. गणपूर्तीसाठी मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसे लागतात. तेवढी जमत नाहीत म्हणून प्रोसिडिंग बुक घरोघरी फिरवून सह्या घेण्याची पद्धत होती. मी ते बंद केले. समाजमंदिरात सभा चालू असतानाच वहीवर सही, नंतर नाही. पहिल्या दोन सभा तहकूब कराव्या लागल्या. तिसऱ्या सभेला बायका आल्या, कारण नळयोजनेची विहीर कुठे घ्यायची हा विषय होता आणि पाणी त्याच भरत होत्या. सभेने जागा ठरवली, ती ठरावात आली आणि ठराव बदलण्याचा आग्रह धरणाऱ्यांना मला एवढेच सांगता आले की हा ग्रामसभेचा ठराव आहे, तो माझ्या घरी बसून बदलता येणार नाही. सरपंचाच्या खुर्चीमागे नवरा उभा राहतो ही तक्रार खरी आहे, पण कायद्याने दिलेली वही बाईच्या हातात असेल तर हळूहळू त्यालाही मागे बसावे लागते.

आता दुधनाकाठ यांच्या कसोटीबद्दल. २४३ई या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले आहे की पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि नवी निवडणूक मुदत संपण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. मार्च २०२२ मध्ये मुदती संपल्या आणि आठही ठिकाणी प्रशासक बसले. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा प्रश्न न्यायालयात होता हे मला माहीत आहे, आणि त्या जागा मिळाव्यात असेच माझे मत आहे. पण निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी द्यावा लागला, तोपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ आमच्या गटाचा रस्ता कोणाकडे मागायचा, हे आम्हाला कोणीच सांगू शकत नव्हते. घटनेत इतके स्पष्ट लिहिलेले असूनही हे झाले, म्हणून मला वाटते की न्यायालयात मागता येणे पुरेसे नाही. वेळेवर मिळणेही पाहिजे.

गुरुजी_बीड

पैनगंगाताई, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि शिक्षणाच्या हक्काबाबत तेच सांगतो.

उन्नीकृष्णन निकालात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा जीविताच्या हक्काचा भाग मानला होता. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने २१अ हा अनुच्छेद घालून सहा ते चौदा वयाच्या मुलांचा तो स्पष्ट मूलभूत हक्क केला. प्रत्यक्ष अंमल १ एप्रिल २०१० पासून, शिक्षण हक्क कायद्यासोबत सुरू झाला. कागदावर ही दुरुस्ती तुमच्या कसोटीला शंभर टक्के उतरते, कारण हक्क मुलाचा आहे आणि तो न्यायालयात मागता येतो.

आमच्या तालुक्यात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाने उचल दिलेली असते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आणि घरी सांभाळणारे कोणी नसेल तर मूल बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर बसून फडावर जाते. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात हजेरी घेताना नावामागून नाव गैरहजर पडत जाते. आम्ही हंगामी वसतिगृहाचे प्रस्ताव करतो, आजी-आजोबांना घरोघरी जाऊन समजावतो, जाणाऱ्या मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे तो जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावे. साखर कारखाना पश्चिम महाराष्ट्रात असेल तर ते कार्ड काही वेळा उपयोगी पडते. टोळी कर्नाटकात गेली तर जवळची शाळा कन्नड असते, आणि तिसरीतला मुलगा तिथे काय शिकणार? २१अ त्याला बेळगावातही लागू आहे, पण त्याच्या भाषेची शाळा त्याच्याबरोबर जात नाही. उदगीरच्या सदस्यांनी ३५०अ चा उल्लेख केला, तो वाचून मला प्रथमच वाटले की हे दोन अनुच्छेद एकत्र ठेवून या मुलांसाठी काही मागता येईल का.

वकीलसाहेबांनी यावर जरूर विचार करावा, ही विनंती.

वकील_खंडपीठ

गुरुजी, मागता येईल. २१अ हा हक्क आहे आणि ३५०अ हे राज्याला दिलेले निर्देश आहेत. शिक्षण हक्क कायद्यातही शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मातृभाषा असावे असे म्हटले आहे. स्थलांतरित मुलांसाठी जनहित याचिका करायची झाली, तर या तिन्हींचा एकत्र आधार घेता येतो. त्यासाठी लागणारा पुरावा तुमच्याच हजेरीपटात आहे. दोन-तीन वर्षांचे पट, कोणत्या महिन्यात किती मुले गेली, किती परतली आणि त्यांतली किती पुढच्या इयत्तेत टिकली, हे एवढे एकत्र केले तरी न्यायालयापुढे ठोस चित्र उभे राहते.

कोरडवाहू_वसमत

उशिरा लिहितो आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या प्रस्तावित आखणीत आमच्या भागातली शेते आली आहेत. गावात एकजण म्हणाला की चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढून टाकला, त्यामुळे आता सरकारपुढे आपले काही चालणार नाही. हे खरे आहे का?

वकील_खंडपीठ

अर्धे खरे आहे. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने १९(१)(फ) आणि ३१ हे अनुच्छेद काढले आणि जून १९७९ पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही. पण त्याच दुरुस्तीने ३००अ हा अनुच्छेद घातला: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणालाही त्याच्या मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही. फरक एवढाच पडला की यासाठी आता ३२ व्या अनुच्छेदाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही; २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात, म्हणजे तुमच्या बाबतीत औरंगाबाद खंडपीठात जाता येते.

मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३००अ मध्ये काय काय येते हे उलगडून सांगितले आहे, आणि तुम्ही ते गावात वाचून दाखवावे. जमीन घेण्याआधी नोटीस मिळाली पाहिजे. हरकत ऐकून घेतली पाहिजे. निर्णय कारणांसह कळवला पाहिजे. संपादन सार्वजनिक प्रयोजनासाठीच असले पाहिजे. योग्य मोबदला किंवा पुनर्वसन मिळाले पाहिजे. प्रक्रिया कार्यक्षमतेने आणि ठरलेल्या कालमर्यादेत झाली पाहिजे. आणि ताबा घेऊन ती रीतसर पूर्णत्वाला नेली पाहिजे. यांतले एकही अंग गाळले तर संपादनाला आव्हान देता येते.

आत्ता तातडीचे काम हरकतींचे आहे. भूसंपादनाची अधिसूचना निघाली असेल तर हरकतीची मुदत त्याच अधिसूचनेत दिलेली असते. ती चुकवू नका. प्रत्येक खातेदाराने स्वतंत्र लेखी हरकत द्यावी, गट नंबर, विहीर, पाइपलाइन, झाडे आणि बांधावरची वाट यांचा उल्लेख करावा, आणि उपविभागीय कार्यालयात ती आवक क्रमांक घालून घेऊन त्याची पोच जपून ठेवावी. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागलेली नसतील तर फेरफार आधी करून घ्या. नोटीस सहसा सातबाऱ्यावरच्या नावानेच निघते.